लांब सायकल राईडसाठी सीट शोधताना: माझा अनुभव

कापूरहोळ मागे पडलं की मला सीटवर बसवत नसे. पाय ठीक, दमही ठीक. पण पुढचा नाजूक भाग आधी दुखायचा, मग बधीर व्हायचा, आणि घरी आल्यावर लघवी करताना आग. पुण्यातून पहाटे साताऱ्याच्या दिशेने निघणाऱ्या आमच्या ग्रुपमध्ये बायका मोजक्याच. पुरुषांपुढे हा विषय कसा काढायचा म्हणून मी गप्प. नंतर मैत्रिणींशी बोलले तेव्हा कळलं, त्यातल्या दोघी याच कारणाने शिरवळहून मागे फिरायच्या.

आधी स्त्रीरोगतज्ज्ञांकडे गेले. इन्फेक्शन नव्हतं. बधिरपणा येतोय म्हणजे नसा दाबल्या जातायत, तो अंगावर काढायचा नाही, असं त्यांनी बजावलं.

दुकानात "सीट टोचते" एवढंच सांगितलं की जेलचं जाड कव्हर पुढे येतं. गावातल्या गावात फिरायला ते छान वाटतं. लांबच्या राईडला मात्र हाडं त्या मऊ जेलमध्ये रुततात आणि तेच जेल मधोमध वर येऊन नको तिथे दाबतं. भार यायला हवा बैठकीच्या दोन हाडांवर. बायकांमध्ये या दोन हाडांतलं अंतर साधारणपणे जास्त असतं. सीट अरुंद असली की हाडांना टेकू मिळत नाही आणि सगळं वजन मधल्या मऊ भागावर येतं.

म्हणून मोजून घेतलं. मिक्सरच्या खोक्याचा पन्हाळीदार पुठ्ठा जिन्याच्या पायरीवर ठेवला, पातळ पँट घालून त्यावर बसले, टाचा उचलल्या आणि हँडल धरल्यासारखी पुढे वाकले. उठल्यावर पुठ्ठा तिरप्या उजेडात धरला तर दोन खळगे स्पष्ट दिसत होते. त्यांचे मध्य पेनने टिंबले, पट्टी लावली: १३० मिलिमीटर. थोडं पुढे वाकून चालवणाऱ्याने त्यात वीस-पंचवीस मिलिमीटर धरायचे, म्हणजे मला साधारण १५५ मिलिमीटर रुंदीची सीट हवी. सायकलसोबत आलेली १४३ ची होती. इतके महिने कुठे अडत होतं ते त्या दोन टिंबांनी दाखवलं.

सीटवर "लेडीज" लिहिलंय यावर जाऊ नका. माझ्यापेक्षा उंच असलेली एक मैत्रीण पुरुषांची म्हणून विकली जाणारी १४३ चीच सीट आनंदाने वापरते. दुसरी ब्रूक्स कंपनीच्या बी१७ या चामड्याच्या सीटवर खूश आहे. चामडं हळूहळू तिच्या अंगाला बसलं, फक्त पावसाळ्यात त्याला जपावं लागतं. मी मैत्रिणींच्या सीट आलटून पालटून लावून पाहिल्या, प्रत्येकीवर निदान दोन तास बसून. दुकानात दहा मिनिटं बसून काहीच कळत नाही. शेवटी आखूड नाकाची, मधे लांब खाच असलेली, बऱ्यापैकी कडक १५५ ची सीट मला मानवली.

पण नुसती सीट बदलून भागलं नाही. उंची जरा जास्त होती, त्यामुळे पेडल मारताना कंबर डावी-उजवीकडे हलायची आणि मांड्या घासायच्या. सीटपोस्टला, म्हणजे सीटखालच्या दांड्याला, चिकटपट्टीची खूण केली आणि पाच मिलिमीटर खाली घेतली. मग पाणसळ ठेवून सीट सपाट केली आणि नाक अगदी किंचित खाली. ते जास्त खाली गेलं तर आपण पुढे घसरतो आणि तळहाताला मुंग्या येतात, म्हणून एका वेळी थोडंच फिरवायचं आणि चालवून बघायचं. हँडलही लांब पडत होतं. हँडल सायकलला जोडणारा १०० मिलिमीटरचा स्टेम काढून ८० चा लावला, तेव्हा पुढच्या भागावरचा दाब खरोखर गेला. एका वेळी एकच गोष्ट बदलली, नाहीतर गुण कशाचा आला ते समजत नाही.

पॅडेड शॉर्ट्सच्या आत अंतर्वस्त्र घालायचं नाही, हे मला कोणी सांगितलंच नव्हतं. त्याची शिवण घासते आणि ओल धरून ठेवते. घासतं तिथे क्रीम, दर पंधरा मिनिटांनी जरा पेडलवर उभं राहणं, आणि राईड संपली की लगेच कपडे बदलणं. महामार्गावर बायकांना त्यासाठी धड जागा मिळत नाही, म्हणून मी एक मोठा पंचा जवळ ठेवते.

याच सीटवर २०० किलोमीटरची बीआरएम, म्हणजे ठरलेल्या वेळेत पूर्ण करायची लांब पल्ल्याची राईड, साडेतेरा तासांच्या मुदतीत पूर्ण झाली. बसायची जागा दमली होती, पण बधिरपणा नाही, आग नाही. आता ३०० ची तयारी चालू आहे. शंभरच्या पुढे उजवं हाड डाव्यापेक्षा जास्त दुखतं, तेव्हा सीटला हात लावण्याआधी उजव्या बुटाचा क्लीट, म्हणजे बूट पेडलमध्ये अडकवणारा तळाचा तुकडा, तपासून घेणार आहे.