‘लाईन’ : ११२ कार्डांनंतरची नोंद

मागची नोंद लिहिली तेव्हा ‘लाईन’ या शब्दाची माझ्याकडे ६४ कार्डे होती. आज ती ११२ झाली आहेत. पद्धत तीच आहे. शब्द ज्या वाक्यात कानावर पडला ते अख्खे वाक्य, तारीख, जागा आणि बोलणाऱ्याचा व्यवसाय कळला असेल तर तो, एवढे कार्डाच्या पुढच्या बाजूला शाईने लिहायचे, आणि अर्थ मागच्या बाजूला पेन्सिलीने, म्हणजे पुढे तो बदलता येतो. ज्या ऑक्सफर्ड इंग्रजी कोशाचा पहिला भाग १८८४ साली आणि शेवटचा १९२८ साली निघाला, त्याच्यासाठी वाचकांनी अशाच चिठ्ठ्यांवर वाक्ये उतरवून पाठवली होती. संग्रह करणाऱ्याने तो इतिहास अवश्य वाचावा असे मला वाटते, कारण वाक्य हाताशी नसेल तर अर्थाबद्दलचा वाद कधीच मिटत नाही.

गेल्या महिन्यात मला सगळी कार्डे पुन्हा लावावी लागली. मी ती इंग्रजी कोशातल्या अर्थांप्रमाणे खणांत ठेवली होती आणि त्यामुळे अर्धे खण रिकामे, तर दोन खण ओसंडून वाहत होते. इंग्रजीत एकटी ‘लाईन’ जे काम करते ते मराठीत ओळ, रांग, रेघ, रेषा, दोरी, तार, मार्ग यांनी पूर्वीच वाटून घेतलेले आहे. म्हणून आता प्रत्येक खणावर मराठी शब्दाचे नाव लिहिले आहे आणि त्या शब्दाच्या जागी मुंबईत ‘लाईन’ कितपत शिरली आहे हे पाहतो आहे. हे केल्याबरोबर चित्र स्पष्ट झाले. ‘रेषा’च्या खणात एकही कार्ड नाही, हस्तरेषा आणि दारिद्र्यरेषा जिथल्या तिथे आहेत. ‘रांग’ मात्र बोलण्यातून बरीच मागे हटली आहे. बसथांब्यावरच्या पाटीवर ‘रांगेचा फायदा सर्वांना’ असे लिहिलेले असते आणि त्याच पाटीखाली उभी असलेली माणसे ‘लाईन कुठून सुरू होते?’ असे विचारतात. लालबागच्या राजाच्या दर्शनाची माझ्याकडे ७ कार्डे आहेत. त्यांपैकी पाचांत ‘नवसाची लाईन’ किंवा ‘मुखदर्शनाची लाईन’ आहे, आणि दोनच कार्डांत, तीही वयस्कर बायकांची, ‘नवसाची रांग’ आहे.

या खेपेचा सर्वांत मोलाचा ऐवज व्याकरणातला आहे. परका शब्द घरचा झाला की नाही हे त्याच्या अनेकवचनावरून आणि सामान्यरूपावरून ओळखता येते. ‘रांग’चे अनेकवचन ‘रांगा’, ‘ओळ’चे ‘ओळी’. ‘लाईन’ ओळीच्या वाटेने गेली: ‘दोन लाईनी लिहून दे’, ‘पाण्याच्या लाईनी बदलल्या’, ‘लाईनीत या, मावशी’. रांगेची जागा घेतानाही तिने रांगेचे रूप घेतले नाही, ‘लाईनेत’ असे कोणी म्हटलेले मी अद्याप ऐकलेले नाही.

त्याहून सूक्ष्म भेद रेल्वेच्या कार्डांत सापडला. बोरीबंदर ते ठाणे ही पहिली प्रवासी गाडी १६ एप्रिल १८५३ रोजी धावली आणि ३ फेब्रुवारी १९२५ रोजी हार्बर मार्गावर बोरीबंदर ते कुर्ला विजेची गाडी सुरू झाली. इतक्या वर्षांत ‘लाईन’ म्हणजे मुंबईकराचा पत्ताच होऊन बसला आहे. नव्या ओळखीत पहिला प्रश्न येतो, ‘तुम्ही कुठल्या लाईनला?’ आणि उत्तर येते, ‘आम्ही हार्बरला.’ पण ‘तुम्ही कुठल्या लाईनीत?’ असे विचारले, तर उत्तर ‘मी छपाईच्या लाईनीत’ असे मिळते. पहिल्या प्रश्नात शब्द आपले मूळ रूप राखून ‘ला’ हा प्रत्यय घेतो आणि ठिकाण सांगतो. दुसऱ्यात तो सामान्यरूपात जातो आणि धंदा सांगतो. माझ्या १९ रेल्वे-कार्डांपैकी एकातही हा भेद मोडलेला नाही. आपल्यापैकी कोणाकडे ‘कुठल्या लाईनीला राहता’ असे वाक्य असेल, तर ते मला तारखेसह हवे आहे.

मरीन लाईन्सचे कार्ड स्वतंत्र ठेवले आहे. पश्चिम रेल्वेवरचे स्टेशन म्हणून त्या नावातल्या ‘लाईन्स’चा रुळांशी संबंध जोडला जातो; मीही लहानपणी तसाच जोडत असे. वास्तविक ते नाव तिथल्या मरीन बटालियनच्या वसाहतीवरून आले आहे. लष्करी भाषेत ओळीने उभारलेल्या बराकींना ‘लाईन्स’ म्हणत आणि आपल्याकडच्या ‘पोलीस लाईन’मध्ये तोच अर्थ अजून जिवंत आहे. दोहोंतला फरक पाहण्यासारखा आहे: स्टेशनाच्या नावातला इंग्रजी अनेकवचनी ‘स’ जसाच्या तसा गोठून राहिला, तर पोलीस लाईनीतली पोरे ‘आमच्या लाईनीत’ असे सहज म्हणतात.

गेल्या रविवारी मिळालेले कार्ड मात्र मला साऱ्या पेटीत सर्वांत प्रिय आहे. गिरगावात आमच्या शेजारच्या खोलीत सुतारकाम चालू आहे. मिस्त्रींनी गेरूच्या पाण्यात भिजवलेला दोरा आठ फुटी फळीवर ठेवला, एक टोक खिळ्याला अडकवले, दुसरे अंगठ्याखाली दाबून दोरा ताणला, मधोमध चिमटीत धरून बोटभर उचलला आणि सोडला. टप्प असा आवाज झाला आणि फळीवर या टोकापासून त्या टोकापर्यंत तांबडी रेघ उमटली. मी विचारले, ‘मिस्त्री, हे काय केलेत?’ ते म्हणाले, ‘लाईन मारली.’ ‘आणि हा दोरा?’ ‘हे सूत.’

इंग्रजी ‘लाईन’ लॅटिन ‘लिनेआ’वरून आली आणि ‘लिनेआ’ म्हणजे ‘लिनम’चा, जवसाच्या झाडाच्या तंतूंचा, धागा; ‘लिनन’ कापडाचे नावही त्याच मुळाचे. म्हणजे लाईन आधी सूत होती आणि ताणलेले सूत सरळ असते म्हणून मग ती रेघ झाली. मराठीतले सूत त्याच वाटेने चालले आहे. संस्कृत ‘सूत्र’पासून ‘सूत’ आणि ‘सूत्रधार’पासून ‘सुतार’. इंचाचा आठवा भाग म्हणजे एक सूत. आणि वाह्यात मुलाला सुतासारखा सरळ करण्याची धमकी घरोघरी दिली जाते. तेच काम आज ‘त्याला लाईनीवर आणा’ हे वाक्य करते. दोन माणसांचे सूत जमते, आणि कॉलेजच्या कट्ट्यावर कोणीतरी कोणावर लाईन मारतो. ‘मारणे’ हे क्रियापद ‘रेघ मारणे’तलेच असले, तरी कट्ट्यावरची ही ९ कार्डे मी मिस्त्रींच्या कार्डापासून वेगळ्या खणात ठेवली आहेत. गवंड्यांचा ‘लाईनदोरी’ हा शब्द मात्र मिस्त्रींच्या कार्डाला लागूनच ठेवला, कारण त्यात दोरी शब्दशः दोनदा आली आहे.

आता ‘दोरी’च्या खणात भर घालायची आहे. कपडे वाळत घालायच्या दोरीला ‘लाईन’ म्हणणारे मला अजून कोणी भेटलेले नाही. मासेमारीतल्या गळाच्या दोरीसाठी पुढच्या शनिवारी पहाटे ससून डॉकवर जाणार आहे. त्या कार्डावर सध्या फक्त तारीख आणि जागा लिहून ठेवली आहे.