परिशिष्टातली तीन पानं

संपादकांचा फोन आला तेव्हा मी रेल्वेच्या तिकिटाचं काय झालं ते बघत होते. दुसऱ्या दिवशी सकाळी सोलापूरच्या एका महाविद्यालयात कार्यशाळा, संध्याकाळी व्याख्यान आणि तिकीट अजून वेटिंगवर. संपादक म्हणाले, “ताई, पुस्तक 259 पानांवर गेलंय. तीन पानं काढावी लागतील. आज रात्री फायनल फाइल द्या, उद्या प्रेसला फॉर्म लावायचेत.”

पुस्तक उजनीच्या धरणग्रस्तांवरचं. छपाई 16 पानांच्या फॉर्मात होते, म्हणजे 256 पानं हे बरोबर 16 फॉर्म. वर तीन पानं आली की निदान अर्धा फॉर्म वाढतो, त्यातली पाच पानं कोरी जातात आणि खर्चाबरोबर किंमतही चढते. 500 प्रतींच्या आवृत्तीत प्रकाशकाला ते जड जातं, हे मला मान्य आहे. प्रश्न कुठली पानं काढायची हा होता. संपादकांनी खूण केली होती परिशिष्टाच्या शेवटच्या तीन पानांवर. पाण्याखाली गेलेल्या इंदापूर तालुक्यातल्या एका गावातल्या भूमिहीन कुटुंबांची यादी होती ती.

त्यांचं म्हणणं असं, की आधीच्या खातेदारांच्या यादीला भूसंपादनाच्या निवाड्याचा आधार आहे, या यादीला नाही. “उद्या कुणी विचारलं तर कागद काय दाखवणार?” संपादकानं हे विचारायलाच हवं. पण कागद नाही, कारण या माणसांकडे जमीनच नव्हती. जमिनीच्या निवाड्यात नाव येतं ते सातबाऱ्यावर असलेल्याचं. दुसऱ्याच्या रानात राबणारे मजूर, बलुत्यावर जगणारे न्हावी, परीट, कुंभार, भीमेत मासे धरणारे कोळी त्या कागदांत सापडत नाहीत. गाव मात्र त्यांचंही बुडालं. ही नावं मी माणसांना विचारून, एकाचं सांगणं दुसऱ्याकडून ताडून गोळा केली होती.

“रात्रीपर्यंत वेळ द्या,” एवढंच म्हटलं.

तेवढ्यात चार्ट लागला आणि तिकीट वेटिंगवरच राहिलं. ऑनलाइन काढलेलं असं तिकीट आपोआप रद्द होतं, ते घेऊन गाडीत चढता येत नाही. म्हणजे आता स्वारगेटहून एसटी. मार्च 2023 पासून बायकांना अर्धं तिकीट आहे, त्यामुळे आयोजकांच्या खर्चाचीही फार चिंता नव्हती. महत्त्वाचं म्हणजे एसटी इंदापूरवरून जाते. ज्या आप्पांनी मला गावाविषयी सगळ्यात जास्त सांगितलं, ते तिथून जवळच पुनर्वसित गावठाणात राहतात. त्यांच्या नातवाला फोन केला. तो म्हणाला, “स्टँडवर घेऊन येतो.”

निघण्याआधी कार्यशाळेसाठी दहा ओळींचा परिचय पाठवला, मानधनासाठी पॅनकार्डाची प्रत पाठवली, मुखपृष्ठाचं प्रूफ बघितलं. त्यावर पळसदेवच्या जुन्या देवळाचं शिखर आहे, उन्हाळ्यात पाणी उतरलं की वर येतं ते. मलपृष्ठावरच्या मजकुरातला एक परिच्छेद गाळला. लेखकाचा निम्मा दिवस अशाच कामांत जातो, आणि ही कामं नीट झाली नाहीत तर पुस्तकाचंच नुकसान होतं.

भिगवण मागे पडलं की डावीकडे मधूनमधून यशवंत सागराचं, म्हणजे उजनीच्या जलाशयाचं, पाणी दिसू लागतं. 1980 मध्ये धरण पूर्ण झालं. एकूण साठा सुमारे 117 टीएमसी. हे आकडे पुस्तकात आहेतच. मांडीवर प्रूफं घेऊन मी काढण्याजोगी पानं शोधत होते.

इंदापूर स्टँडच्या कँटीनमध्ये आप्पा आधीच येऊन बसले होते. मी यादी वाचायला घेतली. ती अकारविल्हे होती, अनुक्रमणिकेला शोभेल अशी. चार-पाच नावं झाली आणि त्यांनी हात वर केला.

“असं नगं. येशीपासनं चल.”

मग आम्ही वेशीपासून निघालो. आत शिरल्यावर डाव्या हाताला न्हाव्याचं घर, त्याला लागून परटाचं, पुढे मारुतीचं देऊळ, देवळामागे कुंभारांचा आवा, तिथून उतारानं नदीकडे कोळ्यांची आळी. ते डोळे मिटून सांगत होते, मी प्रुफावर घरांना क्रमांक टाकत होते. एकाच नावाचे दोघे होते, ते आळीवरून वेगळे झाले. नदीकाठच्या शेवटच्या खोपटापाशी ते थांबले. तिथे एक म्हातारी एकटी राहायची. “तिला मागं-म्होरं कुणी न्हवतं. म्हनून कुनी सांगितलं नसंल,” आप्पा म्हणाले. तिचं नाव मी सगळ्यांत खाली लिहिलं.

पुढच्या एसटीत बसल्यावर माझा निर्णय झालेला होता. प्रस्तावनेत डिकसळच्या पुलावरची तीन पानं होती. धरणामुळे रेल्वेमार्ग हलवावा लागला, इंग्रजी अमदानीतला जुना रेल्वेपूल पुढे रस्त्याच्या कामी आला, त्याची ती हकिगत. मन लावून लिहिली होती. पण त्या पुलाविषयी कागदपत्रं आहेत, इतरांनीही लिहिलंय, एखाद्या दिवाळी अंकात माझी पानंही छापून येतील. या यादीला दुसरी जागा नाही.

टेंभुर्णीच्या पुढे संपादकांना फोन लावला आणि यादीचं पहिलं पान नव्या क्रमानं वाचून दाखवलं, घरामागून घर. त्यांनी दोन ठिकाणी पुन्हा वाचायला सांगितलं. मग म्हणाले, “अकारविल्हे नको, असंच छापू. पण वर टीप हवी. कुणी सांगितलं, कधी सांगितलं, कुणाकडून ताडून घेतलं. तोच तुमचा कागद.” सूचना इतकी योग्य होती, की वाद घालायला काही उरलंच नाही. पुलाची पानं गेल्याचं त्यांनाही वाईट वाटलं.

सोलापूरला पोचल्यावर लॉजवर बसून क्रम लावलेल्या पानांचे फोटो डीटीपीवाल्या मुलीला पाठवले. तिनं जुळणी करून पानं परत पाठवली, मी एकेक नाव वहीशी ताडलं. म्हातारीचं नाव शेवटच्या पानावरच्या मोकळ्या जागेत बसलं. मध्यरात्रीच्या सुमारास संपादकांचा निरोप आला, “256. सकाळी फॉर्म लावतो.”

टिपेत नाव घालू का, हे मी आप्पांना स्टँडवरच विचारलं होतं. ते म्हणाले, “घाल. पर बापाचं नाव लावून. आन् बाकीच्यांनी सांगितलं त्यांचीबी घाल.” तसंच छापलं गेलं आहे.