सेशून वाउरला जाताय? मग मुक्काम डॉल्गेथ्लायमध्येच

आधी सल्ला, बाकीचं नंतर. सेशून वाउर हा वेल्समधला संगीत महोत्सव डॉल्गेथ्लाय गावात भरतो, तेव्हा झोपायची सोयही तिथेच करा. हॉटेल नाही मिळालं तर तंबू ठोका, पण समुद्रकाठच्या बार्मथला राहू नका. "16 किलोमीटर तर आहे, बस असते" असं ज्यांनी ज्यांनी आम्हाला सांगितलं, त्यांतला एकही जण रात्री साडेअकराला डॉल्गेथ्लायच्या थांब्यावर उभा राहिलेला नसणार.

सेशून वाउर हा वेल्श लोकसंगीताचा महोत्सव 1992 पासूनचा. जुलैमध्ये, वायव्य वेल्समधल्या ग्विनेद भागात, कॅडेर इद्रिस डोंगराच्या पायथ्याशी भरतो. दिवसा मोठे बँड ड्रम-गिटार घेऊन वाजवतात, लोक नाचतात. मजा येते, त्याबद्दल याहून जास्त सांगायची गरज नाही. ज्यासाठी इतक्या लांब जायचं, ते रात्री नऊनंतर पबमध्ये आणि छोट्या सभागृहांत सुरू होतं. आणि बसगाड्या तोवर आटपत आलेल्या असतात.

पहिल्या रात्री बार्मथला परतायला आम्ही चार टॅक्सीवाल्यांना फोन केले. एकानं उचलला. म्हणाला 70 पौंड. सत्तर! दिवसा बसनं याच अंतराला चिल्लर पुरते. घासाघीस करून 60 वर आला, तेही रोख. एटीएम शोधून पैसे काढेपर्यंत मीटर चालू नव्हता एवढेच काय ते उपकार. बार्मथच्या जुन्या वस्तीत घरं टेकडीवर चढत गेलेली आहेत आणि आमची खोली अगदी वर. हा गृहस्थ खालीच थांबला, गाडी वर जात नाही म्हणाला. पावसात, बॅगा घेऊन, पायऱ्या. दुसऱ्या रात्री याच धसक्यानं शेवटची बस गाठायला आम्ही मैफल अर्धी टाकून उठलो. ते 60 पौंड मी एक वेळ विसरेन, पण ते उठणं नाही विसरणार.

कारण समोर तीनपदरी हार्प (बोटांनी छेडायचं मोठं तंतुवाद्य) चालू होती. वेल्शमध्ये तिला टेलिन डेइरेस म्हणतात. तारांच्या तीन रांगा. बाहेरच्या दोन्ही रांगा एकाच सुरांत लावलेल्या, मधल्या रांगेत कोमल-तीव्र स्वर. वाजवणारी बाई उजव्या हातानं एक सूर छेडते, लगेच डावा हात पलीकडच्या रांगेतला तोच सूर छेडतो, त्यामुळे एकच सूर थरथरत राहतो. मधला स्वर हवा असला की बोट बाहेरच्या दोन तारांमधून आत घालायचं आणि शेजारची तार वाजू न देता परत काढायचं. दोन हातांवरून बघत होते, तरी बोट कधी आत गेलं ते कळायचं नाही. हे वाद्य मूळचं इटलीतलं, तिकडे कधीच मागे पडलं. वेल्समध्ये ते टिकलं त्यात रोमा या भटक्या समाजाच्या घराण्यांतल्या वादकांचा मोठा वाटा आहे. त्यांच्याकडून नॅन्सी रिचर्ड्सनी (1888–1979) उचललं आणि पुढच्या पिढीला दिलं. आज सेरिस हाफाना हीच हार्प घेऊन जुन्या चाली अशा काही वाजवते की पंचविशीतली पोरं तिकीट काढून ऐकतात.

पर्यटनाच्या माहितीपत्रकांवर विश्वास ठेवू नका. त्यांत वेल्श संगीत म्हणजे एकसारखे कोट घातलेले पुरुष गायक. ते समूहगायन चांगलंच असतं, पण ते बरंचसं एकोणिसाव्या शतकातल्या चॅपेल (प्रॉटेस्टंट प्रार्थनाघरं) आणि खाणकामगारांच्या वस्त्यांमधलं. उलट चॅपेलच्या कर्मठपणानं फिडल (लोकसंगीतातलं व्हायोलिन) आणि नाच हद्दपार व्हायची वेळ आली होती. लोकगीतं रीतसर गोळा करणारी संस्था 1906 मध्ये निघाली, म्हणून बरंच काही हाती लागलं. व्री (VRï) नावाचं त्रिकूट आता चॅपेलचं संगीत आणि फिडल दोन्ही एकत्र आणतं. जायच्या आधी त्यांना ऐका, लोकगायक ग्विलिम बोवेन रीसलाही ऐका. नाइनबाख हा बँड ऐकून "हे कसलं लोकसंगीत" असं वाटलं तर तुम्हाला हा महोत्सव आवडणार नाही, घरीच बसा.

पबमधल्या बैठकीत कुणी काही जाहीर करत नाही. एक जण चाल उचलतो, बाकीचे आपल्या भजनी मंडळासारखे मागून येतात. आतल्या वर्तुळातल्या रिकाम्या खुर्चीवर बसू नका, ती वादकाची असते. फर्माईश करू नका. सभागृहांतलं निवेदन सगळं वेल्शमध्येच होतं. ग्विनेदमध्ये 2021 च्या जनगणनेत 64 टक्के लोकांनी वेल्श बोलता येतं असं सांगितलंय, तेव्हा मंचावरून तुमच्यासाठी कुणी इंग्रजीत बोलेल ही आशा सोडा. शेजारच्याला विचारलंत तर तो गाण्याची गोष्ट आनंदानं सांगतो, कधीकधी गाणं संपलं तरी सांगत राहतो.

जायचं कसं: बर्मिंगहॅमहून गाडी श्रूजबरीमार्गे माखन्थ्लेथला येते आणि तिथे तिचे दोन भाग होतात. एक अ‍ॅबरिस्टविथला, दुसरा किनाऱ्यानं बार्मथ आणि पुढे प्वथ्लेलीला. डब्यातली पाटी बघून बसा, नाहीतर समुद्र दिसेल पण चुकीचा. डॉल्गेथ्लायचं स्टेशन 1965 मध्येच बंद झालं. माखन्थ्लेथला उतरून टी2 बस, किंवा बार्मथहून टी3. दोन्हींचं रविवारचं वेळापत्रक वेगळं असतं, तेवढं आधी बघा. बंद पडलेल्या रुळांच्या जागी माउदाख नदीकाठानं सपाट पायवाट आहे, बार्मथपासून साधारण 15 किलोमीटर. दिवसा चाला, सुंदर आहे. टॅक्सीला पर्याय म्हणून रात्री चालायचा विचार आमच्याही मनात आला होता. पाऊस नसता तर गेलोही असतो.

जुलै जमत नसेल तर ऑगस्टच्या पहिल्या आठवड्यातली राष्ट्रीय आइस्तेद्वोद (वेल्श भाषेतला कला-संगीताचा मोठा मेळा) गाठा. ती दर वर्षी वेगळ्या जागी असते, एकदा उत्तरेत, एकदा दक्षिणेत. तिथल्या मैदानात टी ग्वेरिन नावाचा लोकसंगीताचा मंडप असतो आणि बरेच कार्यक्रम दिवसाउजेडी होतात, म्हणजे परतायला गाडी मिळते. चांगल्या कार्यक्रमाला अर्धा तास आधी जाऊन बसा. उशिरा आलात तर दाराबाहेर चिखलात उभं राहून ऐकावं लागेल.