कॉर्न स्नेकची अंडी आणि बेरिल वादळ: माझा अनुभव

सापाची अंडी घरी उबवायची म्हटलं की नवखा माणूस आधी ऊब कशी द्यायची याच्या मागे लागतो. २०२४ च्या उन्हाळ्यात ह्यूस्टनमध्ये माझी सगळी धावपळ झाली ती अंडी थंड ठेवण्यासाठी.

आधी एक खुलासा करते, कारण "साप घरी पाळणं कायद्याला चालतं का?" हा प्रश्न गावाकडून नेहमी येतो. भारतात १९७२ च्या वन्यजीव संरक्षण कायद्यामुळे आपल्याकडचे साप घरी पाळता येत नाहीत, आणि ते योग्यच आहे. माझी मादी कॉर्न स्नेक आहे. मूळचा अमेरिकेच्या आग्नेय भागातला हा बिनविषारी साप. इथे पाळला जातो तो पिढ्यान्‌पिढ्या माणसांच्या हाताखालीच वाढतो.

मे महिना संपता संपता तिने अंडी घातली. ओलं शेवाळ भरलेल्या डब्यात एकमेकांना चिकटलेला पांढरा गठ्ठा होता. या अंड्यांचं कवच मऊ, चिवट असतं आणि ते पाणी शोषून घेतं, म्हणून उबवणीत अंडी फुगतात. ती फिरवायची मात्र नाहीत. पहिल्या एक-दोन दिवसांतच गर्भ वरच्या बाजूला कवचाच्या आतून चिकटतो. नंतर अंडं उलटं झालं तर तो दगावू शकतो. म्हणून प्रत्येक अंड्याच्या माथ्यावर पेन्सिलीने खूण केली आणि गठ्ठा न सोडवता तसाच ओल्या व्हर्मिक्युलाइटवर (पाणी धरून ठेवणारं हलकं, दाणेदार खनिज) ठेवला. त्यात त्याच्याच वजनाइतकं पाणी घातलं होतं. मुठीत दाबलं तर थेंब गळायला नको, एवढाच ओलावा हवा.

या अंड्यांना २७ ते २९ अंश सेल्सिअस तापमान लागतं आणि साधारण ५५ ते ६५ दिवसांत पिल्लं बाहेर येतात. तापमान काही काळ २२-२३ वर उतरलं तर वाढ मंदावते, एवढंच. पण ३२ च्या वर बराच वेळ राहिलं की कणा वाकडा झालेली पिल्लं निघतात, नाहीतर गर्भ आतच मरतो. बऱ्याच कासवांसारखं इथे तापमानावरून नर-मादी ठरत नाही. उष्णता फक्त नुकसानच करते.

पहिली गडबड इन्क्युबेटरनेच केली. पडद्यावर २८ दिसत होतं आणि अंड्यांशेजारी ठेवलेला माझा स्वतंत्र थर्मामीटर ३१ दाखवत होता. यंत्राचा सेन्सर वरच्या कोपऱ्यात, पंख्याच्या झोतात होता. पडद्यावरचा आकडा हा त्या कोपऱ्याचा असतो, अंड्यांचा नाही. तेव्हापासून मी यंत्र दोन-तीन अंश कमीवर लावते आणि अंड्यांजवळच्या थर्मामीटरवरच विश्वास ठेवते.

मग बुरशी. गठ्ठ्याच्या मधोमध एक पिवळट, निर्जीव अंडं होतं. त्यावर हिरवी लव आली. टॉर्च लावून पाहिलं तर शेजारच्या अंड्यांत लाल शिरांचं जाळं स्पष्ट दिसत होतं. ती जिवंत होती, पण त्या खराब अंड्याला घट्ट चिकटलेली. ओढलं असतं तर कवच फाटलं असतं. पायाच्या बुरशीवर मिळते ती पावडर कापसाने टिपून लावली आणि झाकणावर साचणारं पाणी थेट अंड्यांवर पडू नये म्हणून डबा थोडा कलता ठेवला. बुरशी पुढे सरकली नाही. निरोगी अंडं शेजारच्या बुरशीला बऱ्यापैकी तोंड देतं.

आणि ८ जुलैच्या पहाटे बेरिल आलं. ह्यूस्टन परिसरात २० लाखांहून जास्त ग्राहकांची वीज गेली, आमचीही. वादळ दुपारपर्यंत पुढे सरकलं आणि मागे राहिलं ते दमट, भाजून काढणारं ऊन. एसी बंद. संध्याकाळपर्यंत वरच्या मजल्यावरची अंड्यांची खोली ३३ वर पोचली.

डबा तळहातांवर अजिबात न हलवता जिन्यावरून खाली आणला आणि खालच्या बाथरूममध्ये थेट फरशीवर ठेवला. ओलं फडकं गुंडाळून पाहिलं, पण इथल्या दमट हवेत पाणी वाळतच नाही, मग गारवा कुठून येणार? नळाचं पाणीसुद्धा कोमट. शेवटी सहलीला नेतो ती बर्फाची मोठी पेटी कामी आली. अंड्यांचा डबा एका टोकाला, टॉवेलात गुंडाळलेली गोठलेल्या पाण्याची बाटली दुसऱ्या टोकाला, झाकण किंचित उघडं. शेजाऱ्यांकडे जनरेटर होता. त्यांनी त्यांच्या फ्रीझरमध्ये आमच्या बाटल्यांना जागा दिली. त्यांचे उपकार मी विसरणार नाही.

सासूबाई तेव्हा कोल्हापूरहून आल्या होत्या. सापाच्या खोलीत त्यांनी कधी पाऊल टाकलं नव्हतं. पण त्या रात्री उकाड्याने झोप येईना, तेव्हा त्यांनीच बाथरूमच्या दारात खुर्ची टाकली. चष्मा लावून, विजेरीच्या उजेडात थर्मामीटर वाचायच्या आणि हाक मारायच्या, "अगं, एकोणतीस झालं, बाटली बदल." मी म्हटलं, "आई, तुम्ही झोपा आता." तर म्हणाल्या, "पोटात जीव आहे ना त्यांच्या? मग बसू दे मला." जवळजवळ आठवडाभर, वीज येईपर्यंत, आम्ही दोघींनी अशाच पाळ्या लावल्या. एक-दोनदा तापमान २३ वर घसरलं, पण त्याची मला काळजी नव्हती.

जुलै सरताना अंडी पिचकलेल्या चेंडूसारखी आत गेली. पिल्लं निघायच्या आधी हे होतंच, तेव्हा घाबरून पाणी ओतायचं नाही. मग कवचावर बारीक चिरा दिसल्या. पिल्लाच्या नाकपुड्यांपुढे एक इवलासा दात असतो, त्याने ते आतून कापतं आणि डोकं बाहेर काढून एखादा दिवस, कधी दोन दिवसही, तसंच थांबतं. पोटाशी उरलेला बलक त्या वेळात शोषला जातो. या टप्प्यावर ओढून बाहेर काढणं म्हणजे पिल्लाला जखमी करणं. मी हात लावला नाही.

दोन अंडी फुटलीच नाहीत. बाकीची सगळी निघाल्यावर ती उघडली. एकात पूर्ण वाढलेलं, मेलेलं पिल्लू होतं. फार वाईट वाटलं. निघालेल्यांपैकी एकाचा कणा शेपटीजवळ वाकडा आहे. ते त्या ३३ अंशांच्या दुपारमुळे झालं असावं, असं मला वाटतं. पहिली कात टाकून झाल्यावर सगळ्यांनी उंदराची गुलाबी पिल्लं खायला सुरुवात केली, वाकड्या शेपटीच्यानेही. बाकीची पिल्लं ओळखीच्या, अनुभवी लोकांकडे दिली. हे एक आम्ही ठेवून घेतलं. आता जूनपासूनच माझ्या फ्रीझरचा खालचा कप्पा पाण्याच्या बाटल्यांनी भरलेला असतो.