ऑलिव्हला थंडी चालते, ओल नाही

न्यूझीलंडच्या कापिती किनाऱ्यावर आमची ऑलिव्हची लहानशी सेंद्रिय बाग आहे. ऑलिव्ह म्हटलं की लोकांना स्पेनचं ऊन आठवतं. इथे टास्मान समुद्राचा खारा वारा आणि ऐन उन्हाळ्यातही संध्याकाळी स्वेटर. थंडीचं काही नाही, मोहोर धरायला हिवाळ्यातला गारवा लागतोच. नडते ती ओल. पीकॉक स्पॉट नावाची बुरशी पानांवर गोल डाग पाडते, पानं गळतात आणि पुढच्या हंगामाचं फळ जातं.

सेंद्रियवाल्यांच्या हातात मुख्यतः तांब्याची फवारणी, तीही मोजूनमापून. तांबं मातीत साठतं आणि गांडुळांना बाधतं. बाबा गुहागरला पावसाआधी पोफळींवर मोरचूद-चुन्याचं बोर्डो मारायचे, म्हणून ते निळं पाणी माझ्या ओळखीचं. फळं सडवणारा इथला रोगही आपल्या आंब्यावरच्या करप्याचा सख्खा भाऊ, तीच कोलेटोट्रिकम बुरशी!

माझा खरा भरवसा छाटणीवर. झाडाचा मधला भाग मोकळा हवा, वारा आरपार गेला पाहिजे. शिवाय लेचिनोसारखी दणकट जात लावावी.

तोडणी जूनच्या आसपास. फळं अर्धी हिरवीच, उतारा कमी: शंभर किलोला बारा-पंधरा किलो तेल मिळालं तरी खूश. घाणा दुसऱ्याचा, म्हणून फळं त्याच दिवशी पोचवायची. पाट्यांत तापली की तेलाला आंबूस वास येतो. तेल मात्र कडू-तिखट, झणझणीत. सासूबाई म्हणतात, "घशाला लागतं गं हे." थालीपिठावर मात्र स्वतःच ओतून घेतात.