काटा हैदराबादवरून मुंबईवर

जिंतूरकडचा एक शेतकरी पोत्यात गुंडाळलेला लाकडी रेडिओ घेऊन परभणीच्या माझ्या रेडिओदुरुस्तीच्या दुकानात आला. १७ सप्टेंबरच्या, मराठवाडा मुक्तिदिनाच्या झेंडावंदनाला तो शाळेत ठेवायचा होता. "मिस्त्री, आत ब्लूटूथ बसवा. निजामाचं शरणागतीचं भाषण पोराच्या आवाजात भरून घेतलंय, यातूनच वाजवू."

मागची फळी काढली. चार व्हॉल्वचा (ट्रान्झिस्टरच्या आधीच्या काचेच्या नळ्यांचा) बॅटरी सेट: वन आर फाइव्ह, वन टी फोर, वन एस फाइव्ह, थ्री एस फोर. फिलामेंटला, म्हणजे व्हॉल्वमधल्या तापणाऱ्या तारेला, दीड व्होल्ट; प्लेटला, म्हणजे तिच्याभोवतीच्या पत्र्याला, ९०. या वायरींची अदलाबदल झाली की चारही व्हॉल्व एका झटक्यात जातात, म्हणून आधी मीटर लावून फिलामेंट बघितले. शाबूत!

कंडेन्सर मात्र गळका निघाला, शेवटच्या व्हॉल्वच्या ग्रिडवरचा (करंट आवरणाऱ्या जाळीवरचा), ०.०१ मायक्रोफॅरडचा. तो गळला की ग्रिडवर पॉझिटिव्ह चढतं, व्हॉल्व जादा करंट ओढतो, आवाज फाटतो आणि बॅटरी बसते. ४०० व्होल्टचा नवा टाकला. नऊ व्होल्टच्या दहा बॅटऱ्या एकामागे एक जोडल्या, फिलामेंटला एक मोठा सेल. गच्चीवर तीसेक फूट वायर ताणली. नुसती खरखर. दुकानातली एलईडी ट्यूब आणि मोबाइलचे चार्जर बंद केले, तेव्हा कुठं आकाशवाणीच्या मराठी बातम्या ऐकू आल्या.

माणूस स्टेशन दाखवणाऱ्या काट्याकडं बघत राहिला. "आजा सांगायचा, हैदराबाद लावलं की निजामाचीच फौज जिंकायली. मुंबई लावली की सोलापूरकडून आलेल्या भारताच्या लष्करानं नळदुर्ग घेतलेला. वाड्यात रोज दोन्ही लावायचे. सतरा तारखेला निजामच हैदराबादवरून बोलला, तवा गावाला पटलं."

मग मी स्पष्ट सांगितलं, ब्लूटूथ या खोक्यात बसवणार नाही. १९४८ साली आपण कुठल्या देशात आहोत हे लोकांनी काटा फिरवून ताडून घेतलं. पोराचा आवाज आतून आला तर लहान लेकरं तो निजामाचाच समजतील. (मोठीसुद्धा.) भाषण वाजवायचं तर स्पीकर बाजूला ठेवा, दिसेल असा.

तो जरा हिरमुसला, पण तयार झाला. "पन रेडिओ चालू ठेवू ना?"

चालू ठेवा म्हटलं. नव्वदच्या वायरींना दोन पिनांचा प्लग लावला आणि दीडच्या वायरींना तीन पिनांचा, म्हणजे शाळेत कुणी घाईत लावला तरी चुकीच्या भोकात जाणार नाही.