रांगती नात येणार म्हणून: उन्हाळ्यातल्या किड्यांचा माझा बंदोबस्त

नात नऊ महिन्यांची, नुकती रांगायला लागलेली, आणि लेक एप्रिल-मे माहेरपणाला येणार हे होळीच्या आधीच ठरलं. आमचं घर अकोल्यात, जुन्या बांधणीचं. पुढे-मागे अंगण, मागच्या अंगणात कडुनिंब आणि पेरू. मे महिन्यात पारा 45 ला टेकतो. अशा उन्हात झुरळ, मुंगी, विंचू, डास सगळ्यांनाच दोन गोष्टी हव्या असतात, पाणी आणि गारवा, आणि त्या दोन्ही आपल्या घरात आयत्या मिळतात. आमच्याकडे यावरचा दरवर्षीचा इलाज म्हणजे स्प्रेचा डबा, ओट्याखाली खडूच्या रेघा आणि रात्री कॉइल. पण जमिनीवर जे दिसेल ते तोंडात घालणाऱ्या मुलाच्या वाटेत खडूच्या रेघा कोण ओढून ठेवणार? म्हणून ठरवलं की विषाचा नंबर शेवटी. आधी पाणी तोडायचं, मग लपायच्या जागा.

सुरुवात कुलरपासून केली. विदर्भात कुलरशिवाय उन्हाळा निघत नाही, आणि डेंग्यूचा डास कुलरशिवाय उन्हाळा काढत नाही म्हटलं तरी चालेल. हा एडिस डास गटारात नाही, स्वच्छ साठलेल्या पाण्यात वाढतो, आणि चावतो दिवसा. त्याची अंडी पाण्यावर तरंगत नसतात. पाण्याच्या रेषेच्या जरा वर, टाकीच्या भिंतीला चिकटलेली असतात. ती कोरडी पडली तरी कित्येक महिने जिवंत राहतात. म्हणजे गेल्या जूनमध्ये नुसतं पाणी ओतून माळ्यावर टाकलेला कुलर मार्चमध्ये भरला की गेल्या वर्षीचीच अंडी फुटायला मोकळी.

त्यामुळे या वेळी ताट्या बदलण्याआधी टाकी घासायला घेतली. आमचं बोअरचं पाणी जड. उन्हाळाभर पाणी उडून उडून टाकीच्या कडेला क्षाराचा पांढरा, खरखरीत पट्टा बसतो. खिडकीपाशी उजेडात नेऊन पाहिलं तर त्या पट्ट्याच्या खरखरीत मोहरीपेक्षा कितीतरी बारीक काळे ठिपके होते. बोट फिरवून निघत नव्हते. तारेचा ब्रश, साबणाचा चुरा आणि थोडं व्हिनेगर लावून क्षारासकट खरवडले, तेव्हा गेले. खरवडलेलं मोरीत न टाकता कागदावर गोळा करून चुलीत घातलं. ह्यांना हा अतिरेक वाटला.

कुलर सुरू झाल्यावर दर रविवारी सकाळी तो कोरडा करायचा. कडक उन्हाळ्यात अंड्यापासून उडणारा डास व्हायला साधारण आठवडा-दहा दिवस लागतात, त्यामुळे आठवड्यातून एकदा टाकी रिकामी करून पुसली आणि तासभर उन्हात ठेवली की ती साखळी तुटते. खिडकीतला मोठा कुलर उचलून ओतता येत नाही, म्हणून त्याला खाली बूच लावून घेतलं. वेल्डिंगवाल्याने अर्ध्या तासात काम केलं. ते पाणी गटारात सोडू नये, तापलेल्या मातीवर ओतावं, अळ्या लगेच मरतात. तुळशीला मात्र घालू नका. कुलरचं उरलेलं पाणी खारट झालेलं असतं, पानांच्या कडा करपतात.

कुलर झाला की पाणी संपलं असं नाही. आमच्याकडे नळ रोज येत नाही, त्यामुळे ड्रम भरलेले असतात. त्यांना झाकण होतं, पण झाकणाच्या फटीतून डास आरामात जातो. जुनं सुती लुगडं दुहेरी करून तोंडाला बांधलं आणि वरून झाकण ठेवलं. कुंड्यांखालच्या बशा काढून टाकल्या. चिमण्यांसाठी ठेवलेलं मातीचं भांडं रोज उपडं करून पुन्हा भरायचं, हे काम ह्यांनी घेतलं. सगळ्यात नवल वाटलं ते फ्रिजमागच्या ट्रेचं. बर्फ वितळून पाणी पडतं तो ट्रे मी लग्नानंतर कधी बाहेर काढल्याचं आठवत नाही. काढला, तर त्यात अळ्या! सावली पडली की सगळ्या एकदम तळाला, सावली हलली की शेपटीकडचं टोक वर करून पुन्हा पाण्याच्या पृष्ठाशी. ती नळी त्यांची श्वासाची. आरोग्य खात्याच्या ताई घरोघर पाहणीला येतात, तेव्हा टॉर्च घेऊन पहिल्यांदा फ्रिजमागे का वाकतात ते कळलं.

मग स्वयंपाकघर. झुरळं दोन जातीची, आणि दोघांचा इलाज वेगळा. मोठं, तांबूस, उडणारं झुरळ गटारातून येतं. छोटं, फिकट, मानेवर दोन काळ्या रेघा असलेलं झुरळ घरातच जन्मतं आणि ट्रॉलीच्या बिजागरीत, मिक्सरच्या खाली, गॅस शेगडीच्या बुडाशी संसार करतं.

मोठ्याचं आधी सांगते, कारण ते सोपं आहे. न वापरलेल्या बाथरूमच्या मोरीतून ती उन्हाळ्यातच का येतात? जाळीखालच्या ट्रॅपमध्ये जे पाणी साठलेलं असतं तेच गटार आणि घर यांच्यामधलं दार असतं. उन्हाळ्यात ते आटतं आणि दार उघडं पडतं. पाहुण्यांच्या बाथरूममध्ये दर दोन-तीन दिवसांनी तांब्याभर पाणी ओतायचं, बस. सिंकखालचा पाइप भिंतीत जातो तिथली फट एम-सीलने भरली, मोरीच्या जाळ्या बारीक छिद्रांच्या बसवल्या. मोठं झुरळ त्यानंतर क्वचितच दिसलं.

छोट्यांसाठी माणूस बोलवावा लागला. पहिला आला तो पाठीवर पंप घेऊनच. घरभर फवारतो म्हणाला, एक वर्षाची गॅरंटी. कोणतं औषध आहे, बाटली दाखवा म्हटलं, तर बाटली नव्हतीच; कॅनमध्ये ओतून आणलेलं. परवाना आहे का विचारलं, कारण हे काम करायला 1968 च्या कीटकनाशक कायद्याखाली परवाना लागतो. त्यावर तो हसून म्हणाला, "काकू, लायसनचं काय लोणचं घालता? वास आला की झुरळ खल्लास." त्याला चहा दिला आणि वाटेला लावलं.

दुसऱ्याने बाटलीवरचा त्रिकोण स्वतःहून दाखवला. कीटकनाशकाच्या प्रत्येक बाटलीवर तो छापलेला असतो: लाल म्हणजे सगळ्यात जहाल, मग पिवळा, मग निळा, आणि हिरवा सगळ्यात सौम्य. घरात मूल येणार म्हटल्यावर त्याने फवारणीचं नावच काढलं नाही. जेल लावलं. मसुराच्या दाण्याएवढे ठिपके, बिजागरीच्या आत, ड्रॉवरच्या वरच्या कोपऱ्यात, फ्रिजच्या रबराखाली, जिथे नातीचा हात पोचणार नाही आणि झुरळ मात्र हमखास जाईल. झुरळ ते खाऊन बिळात जाऊन मरतं, आणि त्याची विष्ठा व मेलेलं झुरळ खाऊन बाकीची मरतात. म्हणून जेल लावल्यावर त्या जागी स्प्रे मारायचा नाही, फिनाइलने पुसायचं नाही. वास आला की झुरळं जेलकडे फिरकत नाहीत. इथे खरी अडचण जेलची नव्हती, ह्यांची होती. चाळीस वर्षांची सवय, झुरळ दिसलं की हात डब्याकडे. तो डबा मी गोधड्यांच्या पेटीत टाकला.

पहिल्या आठवड्यात दिवसाढवळ्या, उताणी पडलेली, पाय हलवणारी झुरळं ओट्यावर दिसायला लागली. आमच्या कामाच्या ताई म्हणाल्या, "औषधानं तर वाढलीच की हो!" वाढली नव्हती, बाहेर येऊन मरत होती. या झुरळाची मादी अंड्यांची पेटी पोटाशी घेऊन फिरते आणि एकेका पेटीत तीस-चाळीस पिल्लं असतात. ती नंतर फुटणार, म्हणून काही आठवड्यांनी जेल पुन्हा भरावं लागतं. हे न करता "जेलचा उपयोग होत नाही" म्हणणारे पुष्कळ आहेत. रात्री सिंक पुसून कोरडं करणं आणि खरकटं झाकणं हे मात्र आपलंच काम, ते कोणताही माणूस पैसे घेऊन करून देत नाही.

वाळवीसाठी ह्यांचा अनुभव कामी आला. हे बांधकाम खात्यातून निवृत्त. मागच्या दाराच्या सागवानी चौकटीवर पेन्सिलीइतकी जाड मातीची नळी चढलेली दिसली. ह्यांनी ती मधेच बोटभर मोडली. दुसऱ्या दिवशी सकाळी ओल्या मातीने ती जागा पुन्हा बुजवलेली होती, म्हणजे वाळवी चालू आहे. नळी झाडून रॉकेल लावणारे लोक दिसणारी वाळवी मारतात, जमिनीतलं वारूळ तसंच राहतं. बांधलेल्या घरासाठी वाळवी बंदोबस्ताच्या आयएस 6313 या भारतीय मानकाचा तिसरा भाग आहे. ह्यांनी कंत्राटदाराशी तोच समोर धरून बोलणी केली. भिंत आणि फरशीच्या सांध्यावर फूट-फूट अंतराने 12 मिलिमीटरची भोकं, त्यात इमिडाक्लोप्रिड या वाळवीनाशकाचं पाणी दाबाने भरायचं आणि पांढऱ्या सिमेंटने बुजवायचं. बाटलीचं सील ह्यांच्यासमोर फोडलं, आणि लिटरला किती मिली ते लेबलवर वाचून हे मापाशी उभे राहिले. ही कामं मार्चमध्येच उरकली, लेक येईपर्यंत दारं-खिडक्या उघड्या ठेवून घर चांगलं वाऱ्यावर सोडलं. पाऊस पडला की वाळवीचे पंखवाले किडे दिव्याभोवती जमतात, तेव्हा जागी होणारी माणसं एक हंगाम उशिरा जागी होतात.

अंगणाला मी सगळ्यात जास्त भीत होते. बांधकामातून उरलेल्या विटा, कौलं आणि पत्र्याचा तुकडा असा ढीग भिंतीला लागून होता. भाच्याने जांभळ्या उजेडाचा, अल्ट्राव्हायोलेट टॉर्च आणला. विंचवाच्या कवचावर हा उजेड पडला की ते हिरवट-निळं चमकतं. अमावस्येच्या आसपास रात्री अंगणात गेलो. विटांच्या फटीत एक चमकला, मग कौलाखाली दुसरा, छोटा. दिवसा हजारदा पाहिलेला तो ढीग, पण तेव्हा काहीच दिसलं नव्हतं. दुसऱ्या दिवशी बूट, जाड हातमोजे आणि लांब चिमटा घेऊन ढीग हलवला, विटा भिंतीपासून लांब, चार विटांच्या पायावर रचल्या. मागच्या दाराखाली बोटभर फट होती तिथे रबराची पट्टी लावली.

विंचू चावला तर मांत्रिक, चिरा देणं, दोरी बांधणं यात वेळ घालवायचा नाही, दवाखाना गाठायचा. लाल विंचवाचं विष लहान मुलांच्या हृदयावर जातं. घाम सुटला, उलटी झाली, हातपाय गार पडले तर एक मिनिटही थांबू नये. महाडचे डॉ. हिंमतराव बावस्कर यांनी प्राझोसिन हे रक्तदाबाचं औषध विंचूदंशावर वापरून दाखवलं आणि कोकणात कितीतरी जीव वाचले. 2022 मध्ये त्यांना पद्मश्री मिळाली. जवळच्या सरकारी रुग्णालयात हे औषध असतं का, ते आम्ही आधीच विचारून ठेवलं.

धान्याचं थोडक्यात. वर्षाचे गहू चैत्रातल्या उन्हात गच्चीवर खडखडीत वाळवले, गार झाल्यावर एरंडेलाचा हात फिरवला आणि पत्र्याच्या कोठीत भरले. कडुनिंबाचा पाला घालते, पण त्याच्या भरवशावर राहत नाही. सोंड्याचं अंडं दाण्याच्या आत असतं, तिथे पाला काय करणार. एका ओळखीच्यांनी सेल्फॉसच्या गोळ्या टाका म्हणून सुचवलं. त्यातून फॉस्फीन वायू सुटतो, बंद खोलीत माणसं मरतात. प्रशिक्षित माणसाच्या देखरेखीशिवाय या गोळ्या वापरायच्याच नाहीत असा नियम आहे. मी त्यांना तोंडावर नाही म्हणाले.

लेक आली, नात घरभर फिरली. एप्रिलभर कॉइल लागली नाही; मच्छरदाणी होती, खिडक्यांना जाळी होती. मे च्या मध्यावर मात्र शेजारच्या रिकाम्या प्लॉटवरून दिवसा डास यायला लागले. तिथे कुणीतरी टायर टाकलेले, आणि त्यांच्यात टँकर भरताना सांडलेलं पाणी. मालक पुण्यात. फोन करून परवानगी घेतली, ह्यांनी आणि शेजारच्या दादांनी टायरांना भोकं पाडली.

मुंग्यांपुढे आम्ही अजून हरलेलोच आहोत. कपभर साखरपाण्यात पाव चमचा बोरिक पावडर, कापसाचा बोळा भिजवून भोकाच्या डबीत, डबी कपाटावर उंच. बोरिक जास्त टाकलं तर मुंगी वाटेतच मरते, कमी टाकलं तर ती वारुळापर्यंत नेते, हे गणित मला जमलं आहे. देवघरातली रांग गेली, तर आता त्या वॉशिंग मशीनमागून येतात. परवा डबी तिकडे हलवली आहे.